राजकीय तत्त्वज्ञान शिकून नेमकं काय येतं?

कावेरी

नमस्कार मंडळी. भाचीला पदवीसाठी लिबरल एज्युकेशन घ्यायचं आहे. इतिहास, साहित्य, थोडं गणित, थोडं विज्ञान आणि मुख्य विषय राजकीय तत्त्वज्ञान. घरात दोन तट पडलेत. एक म्हणतो, "आवड आहे ना, मग शिकू दे." दुसरा म्हणतो, "प्लेटो वाचून पोट भरतं का?" मला दोन्ही बोलणी अपुरी वाटतात. आवड तर अनेक गोष्टींची असते, त्या सगळ्यांची आपण पदवी घेत नाही. आणि पोट भरायचं तर आहेच, पण तेवढं एकच मोजमाप लावलं तर शाळेत कविता शिकवणंही बंद करावं लागेल.

म्हणून तुम्हाला विचारते. जो माणूस प्राचीन ग्रीसमधल्या प्लेटोपासून विसाव्या शतकातल्या अमेरिकन रॉल्सपर्यंतचे तत्त्वज्ञ नीट वाचतो, त्याला असं काय करता येतं, जे न वाचलेल्याला येत नाही? "विचारांची कक्षा रुंदावते", "सुजाण नागरिक घडतो" ही वाक्यं माहितीपत्रकांत वाचून झाली आहेत. नेमकं काहीतरी सांगा. विरोधात मत असेल तर ते आधी सांगा, मला ते जास्त हवं आहे.

वाटसरू

पहिला नंबर! विषय जिव्हाळ्याचा आहे, वाचतोय.

घाटमाथा

विरोधातलं आधी मागितलंत, म्हणून लिहितो. "सुजाण नागरिक घडतो" हा दावा इतिहासात टिकत नाही.

हायडेगर विसाव्या शतकातला मोठा जर्मन तत्त्वज्ञ. ग्रीक ग्रंथ त्याच्याइतक्या बारकाईने वाचणारे थोडेच झाले असतील. १९३३ साली तो फ्रायबुर्ग विद्यापीठाचा रेक्टर, म्हणजे प्रमुख, झाला आणि त्याच वर्षी नाझी पक्षाचा सभासदही झाला. मागे जायचं तर क्रिटियास बघा. हा सॉक्रेटिसच्या सहवासातला, सुशिक्षित, नाटकं लिहिणारा माणूस. इसवीसनपूर्व ४०४ मध्ये अथेन्समध्ये लोकशाही उलथवून जे तीस जुलूमशहा सत्तेवर बसले, त्यांचा तो म्होरक्या. खुद्द सॉक्रेटिसच्या बैठकीत बसून आलेला माणूस असा निघतो, तर पदवीच्या वर्गातून काय निघणार?

शिक्षणाने माणूस हुशार होतो हे मान्य. पण हुशारी दुष्टपणालाही तितकीच उपयोगी पडते.

रातराणी

घाटमाथा, +१. आणखी एक मुद्दा जोडते. हे शिक्षण मुळातच फुरसत असलेल्यांचं आहे. ॲरिस्टॉटलने राज्यकारभारावरच्या ग्रंथाच्या शेवटच्या भागात शिक्षणाची चर्चा केली आहे. तिथे तो सांगतो की प्रत्येक गोष्टीत उपयोग शोधत बसणं मुक्त आणि उदात्त मनाच्या माणसाला शोभत नाही. वाचायला छान वाटतं. पण त्याच ग्रंथाच्या सुरुवातीला त्याने काही माणसं निसर्गतःच गुलाम असतात असं म्हटलंय. म्हणजे उपयोगाचं सगळं काम गुलामांनी करायचं आणि निरुपयोगी ज्ञानाचा आनंद मालकांनी घ्यायचा. हा पाया विसरून नुसत्या कळसाचं कौतुक मला करवत नाही.

शेवटचा बाक

मी हा विषय बरीच वर्षं शिकवतो आहे. कावेरी यांनी नेमकं मागितलंय, तर एक नेमकी गोष्ट सांगतो.

आमच्या वर्गात वारसाहक्कावर एक निबंध असतो. आईवडिलांची संपत्ती मुलांना मिळणं न्याय्य आहे का? आधी प्रत्येकाने स्वतःचं मत एका ओळीत लिहून द्यायचं. मग निबंध लिहायचा तो विरुद्ध मताचा. लिहून झाला की तो खरोखरच ते मत असलेल्या वर्गमित्राकडे जातो. त्याने वाचून "हो, माझं म्हणणं हेच आहे" अशी सही केल्याशिवाय मी तो तपासायला घेत नाही.

एका मुलीचं मत होतं की वारसाहक्कावर जबर कर हवा. त्यामुळे तिला उलट बाजू लिहायची होती. पहिल्या मसुद्यात तिने लिहिलं, "आपल्या वर्गाचं हित जपण्यासाठी श्रीमंत लोक असा युक्तिवाद करतात." वाचणाऱ्या मुलाने ते वाक्य खोडलं. म्हणाला, "हे माझ्याबद्दल आहे, माझ्या म्हणण्याबद्दल नाही." दुसऱ्या मसुद्यात तिने मुलांच्या हक्कावर सगळा भर दिला. तोही परत आला. त्याचं म्हणणं मुलांच्या हक्काचं नव्हतंच. ते देणाऱ्याच्या हक्काचं होतं. माझं जे आहे ते मी जिवंतपणी कुणालाही देऊ शकतो, मग मरताना का नाही? तिथे ती पहिल्यांदा थांबली, कारण याला तिच्याकडे तयार उत्तर नव्हतं. तिसऱ्या मसुद्यावर सही मिळाली. तिचं मूळ मत बदललं नाही, पण त्यानंतर ते मत ती पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त काळजीपूर्वक मांडू लागली.

रॉल्स आणि नोझिक हे हार्वर्डच्या एकाच विभागात शिकवत होते. रॉल्सचा न्यायाचा सिद्धान्त १९७१ साली आला आणि नोझिकचं त्याच्या विरोधातलं पुस्तक १९७४ साली. त्या पुस्तकात नोझिक स्पष्ट लिहितो की इथून पुढे राजकीय तत्त्वज्ञान करणाऱ्याने एकतर रॉल्सच्या चौकटीत काम करावं, नाहीतर का करत नाही ते सांगावं. ज्याला खोडून काढायचं त्याचा असा मान राखायची सवय आपोआप लागत नाही, ती शिकावी लागते. मला माहीत असलेली शिकण्याची सगळ्यात चांगली जागा म्हणजे हा विषय.

मधुरा_

"हे माझ्याबद्दल आहे, माझ्या म्हणण्याबद्दल नाही." हे वाक्य इथल्या प्रत्येक राजकीय धाग्याच्या माथ्यावर चिकटवायला हवं. __/\__

स्टेथोस्कोप

शेवटचा बाक, प्रतिसाद फार आवडला. माझा अनुभव रुग्णालयातला आहे.

अतिदक्षता विभागात खाटा कमी आणि रुग्ण जास्त, अशी वेळ येते तेव्हा कुणाला आधी घ्यायचं याचे नियम ठरवायला आमची एक बैठक बसली. सगळे अनुभवी डॉक्टर. एकाचं म्हणणं, ज्याची वाचण्याची शक्यता जास्त त्याला घ्या. दुसरा म्हणाला, ज्याचं वय कमी त्याला, कारण त्याचं आयुष्य अजून जगायचं राहिलंय. तिसरीचं म्हणणं, जो आधी आला त्याला, आपण देव नव्हे. बराच वेळ प्रत्येक जण आकडेवारी पुढे करत राहिला आणि दुसऱ्याला आकडेवारी कळत नाही म्हणून चिडत राहिला. मग एका सहकाऱ्याने, ज्याने वैद्यकशास्त्राच्या आधी तत्त्वज्ञान शिकलं होतं, फळ्यावर तीन ओळी लिहिल्या: एकूण जास्तीत जास्त जीव वाचवणं, प्रत्येकाला आयुष्याचा सारखा वाटा मिळणं, प्रत्येकाला सारखी संधी मिळणं. म्हणाला, "ही तीन वेगवेगळी तत्त्वं आहेत. यातलं कुठलं बरोबर ते आकडेवारी सांगणार नाही. आपण आधी कुठल्या तत्त्वाबद्दल बोलतोय ते सांगून मग बोलूया."

वाद संपला नाही, पण कशावर चालला आहे ते सगळ्यांना कळलं. शेवटी वाचण्याच्या शक्यतेला प्राधान्य आणि शक्यता सारखी असेल तिथे चिठ्ठी, असं ठरलं. चिठ्ठी म्हटल्यावर काहींना ते अमानुष वाटलं. तेव्हा तोच सहकारी म्हणाला की दोन माणसांचं मोल सारखं आहे असं खरंच मानत असू, तर त्यांच्यात निवड करण्याचं कारण शोधत बसणं हाच अपमान आहे. ते मला आजही पटतं.

घाटमाथा

स्टेथोस्कोप, शेवटचा बाक, दोन्ही उदाहरणं चांगली आहेत. पण यासाठी प्लेटो लागतो हे सिद्ध होत नाही. वादविवादाची तालीम घेतलेला कुठलाही माणूस विरुद्ध बाजू मांडू शकतो. ग्रीसमधले सोफिस्ट, म्हणजे वक्तृत्वाचे फिरते शिक्षक, पैसे घेऊन हेच शिकवत होते.

वकीलसाहेब

घाटमाथा, हा प्रश्न माझ्या धंद्याचा आहे, म्हणून उत्तर देतो.

आम्ही रोज विरुद्ध बाजूचा अभ्यास करतो. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ साली स्वातंत्र्यावर लिहिताना रोमन वकील सिसेरोचा दाखला दिलाय तो हाच: सिसेरो प्रतिपक्षाचं प्रकरण स्वतःच्या प्रकरणाइतक्याच, किंबहुना जास्त कसोशीने अभ्यासायचा. पण सिसेरोला न्यायालयात जिंकायचं होतं. मिल म्हणतो, सत्य शोधायचं असेल तरीही हेच करा, कारण ज्याला फक्त स्वतःची बाजू माहीत आहे त्याला तीही फारशी माहीत नसते. फरक इथे आहे. माझ्यासमोर उत्तम युक्तिवाद आला तर मी तो परतवण्याचा मार्ग शोधतो, कारण माझा अशील ठरलेला आहे. तत्त्वज्ञानाच्या वर्गात अशील नसतो. तिथे समोरचं पटलं तर मत बदलायची मोकळीक असते आणि कुणी फी परत मागत नाही.

याच मिलने १८६७ साली सेंट अँड्र्यूज विद्यापीठात रेक्टर म्हणून केलेल्या भाषणात सांगितलं की विद्यापीठाचं काम वकील, डॉक्टर, इंजिनियर घडवणं हे नाही, कारण माणूस वकील होण्याआधी माणूस असतो. शिक्षणाने चांभारसुद्धा जास्त समजदार चांभार होतो, पण ते त्याला जोडे शिवायला शिकवून नाही. पंचवीस वर्षांच्या वकिलीनंतर मला हे शंभर टक्के मान्य आहे. कलमं पाठ असलेले खूप भेटतात. कायदा पाळायचाच का, या प्रश्नाशी कधी झटापट केलेले फार थोडे.

गणितवेडा

थोडं अवांतर, पण सांगायलाच हवं. लिबरल एज्युकेशन म्हणजे कला शाखा, असं सगळे धरून चाललेत. मध्ययुगीन युरोपात ज्या सात विद्या शिकवत, त्यात अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल हे चार विषय होते. म्हणजे निम्म्याहून जास्त भाग आमचा!

आणि राजकीय तत्त्वज्ञानाचं गणिताशी नातं ऐका. हॉब्ज हा सतराव्या शतकातला इंग्रज तत्त्वज्ञ. त्याचा चरित्रकार ऑब्रे सांगतो की हॉब्ज चाळिशीचा होईपर्यंत त्याने भूमिती पाहिलीही नव्हती. कुणाच्या तरी ग्रंथसंग्रहात युक्लिडचं भूमितीचं पुस्तक उघडं पडलं होतं, पहिल्या खंडातलं ४७ वं प्रमेय, म्हणजे आपलं पायथागोरसचं. हॉब्ज म्हणाला, हे अशक्य आहे. मग सिद्धता वाचली. ती आधीच्या प्रमेयावर टेकलेली, म्हणून ते वाचलं. ते त्याच्याही आधीच्यावर. असं करत तळापर्यंत गेला आणि मूळ विधान पटल्यावरच थांबला. तेव्हापासून तो भूमितीच्या प्रेमात. पुढे राज्यसत्तेवर लिहिताना त्याने तीच पद्धत वापरली: आधी व्याख्या, मग पायरीपायरीने निष्कर्ष. निष्कर्ष न पटणाऱ्यालाही विचारता येतं की बाबा, कितव्या पायरीवर मी तुझ्याशी फारकत घेऊ?

भाचीला सांगा, गणित "थोडं" घेऊ नकोस, भरपूर घे.

नीरक्षीर

गणितवेडा यांनी हॉब्ज काढलाच आहे, तर घाटमाथा यांच्या पहिल्या प्रतिसादाला त्याच्याच मार्गाने उत्तर देतो.

हॉब्जला या शिक्षणाची भीती वाटत होती. इंग्लंडमधलं यादवी युद्ध त्याने पाहिलं होतं. १६५१ साली त्याने लिहिलं की राजाविरुद्धच्या बंडांचं एक मोठं कारण म्हणजे तरुणांनी प्राचीन ग्रीक आणि रोमन लेखकांची राज्यकारभारावरची पुस्तकं वाचणं. ती वाचून मुलांना वाटतं की लोकसत्तेत माणसं मुक्त असतात आणि राजसत्तेत गुलाम. त्याचा उपाय असा होता की विद्यापीठांनी हे बंद करून त्याचा सिद्धान्त शिकवावा. झालं काय? तो गेल्यानंतर, १६८३ साली, ऑक्सफर्ड विद्यापीठाने घातक मतांविरुद्ध एक ठराव केला आणि पुस्तकं जाळली. त्यात हॉब्जचीही होती.

आता क्रिटियास. त्याचं उदाहरण तुम्ही दिलंत, ते खरं आहे. पण सॉक्रेटिसचा शिष्य झेनोफन त्याच्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगतो. सत्ता हातात आल्यावर क्रिटियासने कायद्यात कलम घातलं की वादविवादाची, युक्तिवादाची कला कुणी शिकवू नये. रोख सॉक्रेटिसवर होता. एवढंच नाही, तर सॉक्रेटिसला बोलावून तरुणांशी बोलायचं नाही अशी तंबी दिली. सॉक्रेटिसने विचारलं, तरुण म्हणजे कोणत्या वयापर्यंत? तिशीच्या आतल्यांशी बोलू नकोस, असं उत्तर मिळालं. त्यावर त्याने विचारलं, मग तिशीच्या आतला कुणी काही विकत असेल तर त्याला भाव विचारायचा की नाही?

आतून हे शिक्षण पाहिलेल्या माणसाने हातात सत्ता येताच ते बंद का केलं, याचं उत्तर द्या. या शिक्षणाने माणूस चांगला होतोच असा दावा मी करत नाही. पण चार माणसं एकत्र बसून "हे न्याय्य आहे का?" असं विचारू लागली की जुलूम करणाऱ्याची अडचण होते, हे क्रिटियासला पक्कं ठाऊक होतं. हायडेगरबद्दल तुमचं बरोबर आहे, आणि ते बोचतं. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

वाटसरू

भाव विचारायचा की नाही! ही गोष्ट माहीतच नव्हती. धागा वाचनखुणांत ठेवला.

सावली

रातराणी म्हणाल्या की हे फुरसत असलेल्यांचं शिक्षण आहे. होतं, आणि मुद्दाम तसं ठेवलं गेलं. पण म्हणूनच ते ज्यांना नाकारलं त्यांनी त्याच्यासाठी काय केलं ते बघूया.

फ्रेडरिक डग्लस अमेरिकेत गुलामगिरीत जन्मला. मालकीण त्याला अक्षरं शिकवत होती. मालकाने तिला थांबवलं, कारण वाचायला शिकलेला गुलाम गुलाम म्हणून कामाचा राहत नाही. डग्लस लिहितो की त्या क्षणी त्याला स्वातंत्र्याचा मार्ग कळला. बारा वर्षांचा असताना त्याच्या हाती भाषणांचा एक शालेय संग्रह आला. त्यात मालक आणि गुलाम यांचा एक संवाद होता. पळून जाताना पकडलेला गुलाम मालकाच्या प्रत्येक युक्तिवादाला उत्तर देतो आणि शेवटी मालक त्याला मुक्त करतो. त्या पोराने ते पुन्हा पुन्हा वाचलं. गुलामगिरी वाईट आहे हे त्याला पाठीवरच्या वळांनी आधीच सांगितलं होतं. ते दुसऱ्याला कसं सांगायचं, याचे शब्द त्याला तिथे मिळाले.

पुढे तिथलेच कृष्णवर्णीय नेते बुकर टी. वॉशिंग्टन म्हणाले की मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांनी आधी हातांची कौशल्यं शिकावीत, बाकीचं नंतर. कृष्णवर्णीय विचारवंत द्यू बॉइस यांनी १९०३ साली त्याला जाहीर विरोध केला. त्यांचं म्हणणं होतं की कौशल्य हवंच, पण ज्या समाजाला फक्त कामकरी होण्याचं शिक्षण मिळतं, त्याच्याबद्दलचे निर्णय कायम दुसरेच घेतात.

आणि बाबासाहेब. १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले तेव्हा नुसतं अर्थशास्त्र शिकून परत येऊ शकले असते. तिथे त्यांनी इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान असं चौफेर शिकून घेतलं आणि तत्त्वज्ञ जॉन ड्यूईंच्या तासांना बसले. लोकशाही ही राज्य चालवण्याची केवळ एक रीत नसून एकत्र जगण्याची रीत आहे, हा ड्यूईंचा विचार त्यांच्या लेखनात पुढे सतत येत राहिला. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा सभेपुढे मांडताना त्यांनी 'संवैधानिक नैतिकता' हा शब्द वापरला आणि तो कुणाचा ते सांगितलं: ग्रीसचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रोटचा. अथेन्समध्ये क्लाइस्थेनिसने लोकशाही घडवली त्याबद्दल लिहिताना ग्रोट म्हणाला होता की नुसते कायदे पुरत नाहीत, सत्तेवरच्यांना आणि विरोधकांनाही त्या चौकटीबद्दल आदर असावा लागतो. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या एका शहरावरचा विचार एका नव्या देशाच्या संविधानसभेत कामी आला, कारण तिथे तो वाचलेला एक माणूस उभा होता. "प्लेटो वाचून काय होतं" असं म्हणणाऱ्यांना माझं हेच उत्तर आहे.

आणखी एक, अगदी अलीकडचं. २०१५ साली न्यू यॉर्क राज्यातल्या एका तुरुंगातल्या कैद्यांच्या वादसंघाने हार्वर्डच्या विद्यार्थ्यांना हरवलं. हे कैदी बार्ड महाविद्यालयाचा पदवी अभ्यासक्रम तुरुंगात शिकत होते. इंटरनेट नाही, पुस्तक हवं तर प्रशासनाची मंजुरी. आणि त्यांना बाजू मिळाली होती ती त्यांना स्वतःला न पटणारी: कागदपत्रं नसलेल्या मुलांना सरकारी शाळांनी प्रवेश नाकारता यावा. शेवटचा बाक यांचा निबंध आठवला.

मुद्दा एवढाच की फुरसतीवाल्यांनी बळकावलं होतं म्हणून ही वस्तूच टाकून देऊ नका. सगळ्यांना मिळावी म्हणून भांडा.

अनामिक वाचक

सावली, अंगावर काटा आला.

रातराणी

सावली, प्रतिसाद उत्तम. भांडायचं हे एकदम मान्य. पण या परंपरेची भलामण करताना एक गोष्ट समोर असू द्या. वर दोनदा आलेला मिल १८२३ पासून १८५८ पर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरीला होता. आणि स्वातंत्र्यावरच्या ज्या पुस्तकाचं कौतुक चाललंय, त्याच्या पहिल्याच प्रकरणात तो लिहितो की हे तत्त्व 'मागासलेल्या' समाजांना लागू नाही. त्यांच्यासाठी हुकूमशाही चालेल, हेतू सुधारणेचा असला म्हणजे झालं. म्हणजे तुम्हीआम्ही त्यात नव्हतो.

नीरक्षीर

रातराणी, बरोबर, आणि हे लपवून मिल शिकवणं म्हणजे फसवणूक. पण पुढे काय झालं तेही बघा. आगरकरांनी मिल आणि स्पेन्सर वाचले आणि १८८८ साली 'सुधारक' काढून विवेकस्वातंत्र्याचा तोच निकष आपल्या समाजाला लावला. "तुमच्यासाठी नाही" म्हणून लिहिलेलं तत्त्व आपल्या माणसांनी उचललं आणि ते सगळ्यांसाठी का नाही, असं विचारलं. पुस्तकाच्या लेखकाची परवानगी लागली नाही.

रातराणी

हे पटलं. तरी अभ्यासक्रमात मिलचं ते प्रकरण आधी वाचायला लावावं, बाकीचं नंतर, हा माझा आग्रह राहील.

मधुरा_

जरा जमिनीवरचं बोलते, कारण कावेरीताईंच्या घरातला दुसरा तटही माझ्या मते खोटं बोलत नाही. ही पदवी घेऊन बाहेर पडल्यावर पहिली नोकरी मिळायला वेळ लागतो. मी यातून गेले आहे. डोक्यावर मोठं कर्ज घेऊन हे शिक्षण घेऊ नये, कारण मग पदवीनंतर जे हाताला लागेल ते करावं लागतं. सोबत एक असा विषय घ्यावा ज्याचं काम लोकांना लगेच कळतं: संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, कायदा, एखादी परकी भाषा. मला संख्याशास्त्राने नोकरी मिळवून दिली. त्या नोकरीत मी वर गेले ते मात्र लांबलचक, गुंतागुंतीचा मजकूर वाचून "यात खरा प्रश्न असा आहे" हे चार ओळींत सांगता येत होतं म्हणून. हे मला हॉब्ज आणि रूसो वाचताना आलं.

कावेरी

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

घाटमाथांचा मुद्दा मात्र डोक्यातून जात नाही, उलट मी त्यात भर घालते. १९६१ साली जेरुसलेममध्ये नाझी अधिकारी आइकमनवर खटला चालला, तेव्हा त्याने सांगितलं की मी आयुष्यभर जर्मन तत्त्वज्ञ कांटच्या कर्तव्याच्या कल्पनेप्रमाणे वागलो. न्यायाधीशांनी विचारल्यावर कांटच्या नियमाची व्याख्याही त्याने जवळपास बरोबर सांगितली. लाखो माणसांना मृत्यूच्या गाड्यांत बसवणारा माणूस! त्या खटल्यावर लिहिणाऱ्या हॅना आरेंट यांनी हे नोंदवलंय. मग शेवटचा बाक, तुम्ही वर्गात हे कसं टाळता? आणि दुसरं, अठरा वर्षांचं वय यासाठी लहान नाही का?

शेवटचा बाक

कावेरी, दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो. प्लेटोचं मत तुमच्या बाजूचं आहे. त्याच्या आदर्श राज्यात वादविद्या तिशीनंतरच. त्याचं कारण त्याने असं दिलंय की कोवळ्या वयात ही विद्या मिळाली की मुलं कुत्र्याच्या पिल्लांसारखी जो जवळ येईल त्याला युक्तिवादाने ओढत-फाडत बसतात, आणि शेवटी कशावरच विश्वास उरत नाही. पहिल्या वर्षाचा वर्ग शिकवणाऱ्या कुणालाही हे खोटं वाटणार नाही. तरी मी प्लेटोच्या विरोधात आहे. त्याच्या राज्यात तरुणांच्या हाती सत्ता नव्हती. आपण अठराव्या वर्षी मत देतो. ज्याच्या हातात मत आहे त्याला न्याय म्हणजे काय हा प्रश्न बारा वर्षं थांबायला कसं सांगणार?

आता आइकमन. त्याला व्याख्या येत होती. कांटने सांगितलेला नियम तपासणीसाठी आहे: मी जे करतोय ते सगळ्यांसाठी नियम व्हावं असं मी म्हणू शकतो का? आणि तपासायचं ज्याचं त्याने. आइकमनने तपासणीचं काम वरिष्ठांकडे सोपवलं आणि नाव तेवढं कांटचं ठेवलं. म्हणून मी व्याख्या विचारणारी परीक्षा घेणं फार पूर्वीच बंद केलं. अनॅपोलिसच्या सेंट जॉन्स महाविद्यालयात १९३७ पासून चारही वर्षं मूळ ग्रंथ वाचून गोलाकार बसून चर्चा करतात. सुरुवातीला शिक्षक एक प्रश्न विचारतो आणि मग उत्तर देत नाही. ही पद्धत संथ आहे, कधीकधी तास वाया जातो. पण तिथे दुसऱ्याच्या नावामागे लपायला जागा नसते. याने पुढचा आइकमन थांबेल अशी हमी मी देणार नाही. ती देणारा शिक्षक खोटं बोलतो.

घाटमाथा

ही हमी कुणी देत नसेल तर माझा मूळ आक्षेप माहितीपत्रकांवर राहतो, विषयावर नाही.

सावली

ग्रोटबद्दल एक राहून गेलं. तो विद्यापीठात गेलाच नव्हता. सोळाव्या वर्षी वडिलांच्या बँकेत चिकटला, आणि ग्रीसचा बारा खंडांचा इतिहास लिहिला. तरुण मिल आणि आणखी काही जण त्याच्या घरी आठवड्यातून दोनदा, सकाळी साडेआठ ते दहा, कामावर जाण्याआधी जमत. एकाने उतारा वाचायचा, मग ज्याला जो आक्षेप असेल तो काढायचा, आणि प्रत्येकाचं समाधान होईपर्यंत पुढे जायचं नाही. इथल्या नोकरदारांना हे जमण्यासारखं आहे.

वकीलसाहेब

मग करूयाच की. इथेच, दर रविवारी. सुरुवात प्लेटोच्या 'क्रिटो'पासून, छोटा संवाद आहे. सॉक्रेटिसला मृत्युदंड झालाय, त्याचा मित्र क्रिटो म्हणतो पळून चल, आणि तो नाही म्हणतो. अथेन्सचे कायदे जणू त्याच्याशी बोलतात: सत्तर वर्षं इथे राहिलास, आम्ही पटत नव्हतो तर सगळं सामान घेऊन जायची मुभा होती, गेला नाहीस, म्हणजे तू आम्हाला संमती दिलीस.

गणितवेडा

रविवारपर्यंत धीर कुणाला! आत्ताच वाचून काढला. ही सिद्धता तिसऱ्या पायरीवर गळते. "गेला नाहीस म्हणजे संमती" हे तेव्हाच खरं, जेव्हा जाणं खरोखर शक्य असतं. ज्याच्याकडे दुसरीकडे जायला पैसे नाहीत, भाषा नाही, त्याचं काय?

नीरक्षीर

गणितवेडा, १७४८ साली स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमने जवळजवळ हाच आक्षेप घेतला. परकी भाषा न येणारा, रोजच्या मजुरीवर जगणारा गरीब शेतकरी किंवा कारागीर देश सोडायला मोकळा आहे, असं गंभीरपणे म्हणता येईल का, असं तो विचारतो. झोपेत जहाजावर आणून टाकलेल्या माणसाला "उतरला नाहीस, म्हणजे कप्तानाची सत्ता तुला मान्य आहे" असं म्हणण्यासारखं ते आहे, कारण उतरायचं तर समुद्रात. त्याचा रोख त्याच्या आधीच्या इंग्रज तत्त्वज्ञ लॉकवर होता. लॉकच्या मते तर राज्याच्या रस्त्यावरून नुसतं चाललात तरी मूक संमती होते.

शेवटचा बाक

पण कायद्यांचा तो एकच युक्तिवाद नाही. आणखी दोन आहेत. एक, आम्ही तुला आईबापांसारखं वाढवलं. दुसरा, न्यायालयाचे निकाल ज्याने त्याने मोडले तर शहर टिकेल का? हा दुसरा संमतीवर उभाच नाही. ह्यूम त्याला हात लावू शकत नाही.

गणितवेडा

त्यावरही आक्षेप आहे. एका म्हाताऱ्याने पळून गेल्याने शहर कोसळतं हे त्याने सिद्ध केलेलं नाही, गृहीत धरलंय. आणि निकालच अन्यायाचा असेल तर?

घाटमाथा

नाही, इथे मी कायद्यांच्या बाजूने आहे. निकाल अन्यायाचा आहे हे ठरवायचं कुणी? ज्याच्याविरुद्ध गेला त्यानेच? मग एकही निकाल टिकणार नाही. ही बाजू रविवारी मी सविस्तर मांडतो. गणितवेडा, तुम्ही ह्यूम वाचून या.